बयाबाईचा वाघ

९ सप्टेंबर, मंगळवार

डोळे मिटायचे, उसाकडे पाठ करून बसायचं आणि पात्यांची सळसळ ऐकायची — हा आजचा कार्यक्रम! तोही कळंबच्या पुढच्या वस्तीवर, जिथे ऊन कललं की बायका पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत. बांधावर बिबट्यासाठी लावलेला पिंजरा, आतली शेळी केविलवाणी ओरडतेय, आणि आम्ही मन शांत करतोय.

संस्था पुण्याची. माती, रंग, झाडं, पाखरं यांच्या संगतीनं बायकांच्या मनावरचं ओझं हलकं करायचं, हे काम. ठरवतात वृषालीताई. मी मदतनीस. चटया घालायच्या, माती भिजवायची, आणि ताई बोलतील ते बायकांना कळेल असं सांगायचं. मी सांगितलं, "पाठ उसाकडे. डोळे बंद." डोक्यावरची ओढणी आणि चष्मा सावरत, बोट वर करून सांगितलं. बोटाची ही खोड अब्बांची, माझ्यात उतरलेली.

कुणी डोळे मिटेना. सखूबाई म्हणून सगळ्यांत वयस्कर आहेत, त्या म्हणाल्या, "पाठ उसाकडं? ताई, आदी तुमी बसा. तुमाला उचललं तर आमी वरडतो."

सगळ्या हसल्या. मोहिनी — नवी सून, जिभेला हाड नाही — माझ्याकडे बघत म्हणाली, "सफाताईला न्हाई न्यायचा. हाडंच हाडं! त्याच्या घशात आडकंल."

मी बसले. उसाकडे पाठ करून बसले. सांगितलेलं अर्धं करणं मला जमत नाही. मग एक बाई उठली, माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि शांत डोळे मिटले. बयाबाई.

एसटीच्या थांब्यावर मोहिनीनं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी याच उसातून बिबट्यानं बयाबाईची नात नेली. आरोही. चार वर्षांची. बयाबाईनं तिचा हात धरलेला होता. "झटका बसला आन् हिच्या हातात निस्ती बांगडी राह्यली. सैल व्हती ना! पुढच्या वर्साला बी व्हईल म्हणून मोठी घेतल्याली." हे मोहिनी शेंगदाणे खात सांगत होती.

१० सप्टेंबर

पुढच्या मंगळवारसाठी माती भिजवून ठेवली, नखांतली जात नाही. पुन्हा पुन्हा घासली. अम्मी म्हणाली, "चमडी निकालेगी क्या?"

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज माती. वृषालीताईंनी सांगितलं, "आपल्या भीतीला आकार द्या. तिला समोर बसवा. शेवटच्या दिवशी आपण तिला नदीवर नेऊन फोडणार आणि पाण्यात सोडणार. मोकळं व्हायचं!"

सखूबाईंनी एक चपटा गोळा थापला. हा कोण? "माजा जावई." मोहिनीनं सासूचा मोबाईल केला, बटणांसकट. हसून हसून पुरेवाट.

बयाबाईनं वाघ केला.

मला वाटलं होतं जबडा असेल, सुळे असतील. तसं काहीच नाही. मांजरीएवढा, पुढचे पाय दुमडून निवांत बसलेला. पोट केवढं तरी मोठं, आणि आतून पोकळ. पोटाला वरून एक भोक ठेवलं होतं, वाटीएवढं. मी विचारलं, "मावशी, हे बुजवायचं राहिलं का?"

"न्हाई. जागा ठिवलीया."

वृषालीताईंच्या डोळ्यांत पाणी. मला कानात म्हणाल्या, "सफा, ही आपली केस आहे! समारोपाला हिलाच पुढे आणू." मग खूप फोटो.

सखूबाई मोठ्यानं — "वाघानं हिची नात खाल्ली, आन् ही वाघाचं लाड करतिया! डोंगरातली ती डोंगरातलीच."

जाताना बयाबाईनं वाघ पदरात घेतला. मी थांबवलं. सगळं काम शाळेच्या खोलीत राहायचं, असा नियम आहे. तिनं लगेच परत ठेवला. वाद नाही, काही नाही. मला बरं वाटलं. नियम पाळणारं माणूस मला आवडतं.

२१ सप्टेंबर, रविवार

बाजाराचा दिवस, म्हणून दुकानात अब्बांच्या मदतीला. एक नवरी बांगड्या भरायला आलेली, हात आखडलेला, घाबरट. तिची आई घाई करत होती, "दाबा की अमजदभाई, जाईल आत!" अब्बांनी दाबलं नाही. तिच्याशी बोलत राहिले — गाव कुठलं, भाऊ किती, कारखान्याला ऊस जातो का. बोलता बोलता तिचा हात सैल पडला आणि बांगडी आपोआप आत गेली. अब्बा नेहमीच असं करतात. हात सैल पडेपर्यंत थांबतात.

माझ्याशी कधी थांबले नाहीत! तिसरीपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं. याच गल्ल्याच्या मागे बसून शिकले. अक्षरं अब्बांकडून, हिशेब सितारा फुफीकडून, म्हणजे आत्याकडून. एक अक्षर चुकलं की अख्खी पाटी पुसायला लावत. "अधूरा काम झूठ होता है." मी रडत पुसायची. आता कुणी सांगत नाही, तरी पुसते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

झाडाला मिठी मारण्याचा तास. मोहिनी म्हणे, "नवऱ्यानं बघितलं तर म्हणंल, बाईनं बाभळीशी लफडं केलं."

बयाबाईनं मिठी मारली नाही. मी जवळ गेले, सहभाग नसेल तर मला तसं कळवावं लागतं. ती आपण होऊन बोलली. तिचं माहेर शिनोलीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. ऊसतोडीला म्हणून नवऱ्याबरोबर खाली आली ती इथेच राहिली. वर बिबट्या कुणी म्हणत नाही. वाघ म्हणतात, आणि वाघोबा देव आहे, शिवेवर त्याचा शेंदरी दगड आहे.

"त्यो नेतो, पर टाकत न्हाई. नेलेलं त्येच सांबाळतो. आरोही त्येच्यापाशी हाय. ऊबंला हाय."

 तिचा आवाज इतका साधा होता, जसं पोर मामाकडे गेलंय.

संध्याकाळी वृषालीताईंना फोन करून जसंच्या तसं सांगितलं. लपवणं बरं नाही. त्या म्हणाल्या, "ती अजून मान्यच करत नाहीये गं. तीन वर्षं अडकून बसलीये. म्हणूनच फोडणं किती गरजेचं आहे बघ!"

मला पटलं. ताई शिकलेल्या आहेत.

३० सप्टेंबर, मंगळवार

बयाबाईनं आज वाघाचं पोट बंद केलं. आमच्याकडे पाठ करून, पदराच्या आडोशानं. नंतर कपाळावर शेंदूर लावला. सुबक दिसत होता.

"ताई, फोडायलाच पायजे का वो?"

"हो मावशी. सगळ्याच फोडणार."

"मला त्येचं भ्या न्हाई पर."

मी म्हटलं, तसं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. हे वाक्य माझं नाही, वृषालीताईंचं आहे. पण तोंडातून सराईतासारखं निघालं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

समारोप १७ तारखेला. पैसे देणारे पाहुणे त्याच दिवशी मोकळे आहेत.

तारीख सांगितली तशी बयाबाई उभीच राहिली. "त्या दिसी न्हाई. वाघबारस हाय. आमच्याकडं त्या दिसी वाघोबाला खीर दावत्यात. त्या दिसी त्येच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

मी असलं कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं नाही म्हणून सोडून दिलं असंही नाही! शाळेच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. १७ तारखेला गाय-वासराचं चित्र, खाली वसुबारस. पुढची-मागची पानंही पाहिली. वाघबारस कुठेही नाही. मी तिला बोट ठेवून दाखवलं, "मावशी, इथे गाय आहे. वाघ नाही."

तिला वाचता येत नाही. ती गाईच्या चित्राकडे बघत राहिली.

सखूबाई — "जग गाय पुजतं, ह्यांच्यात वाघ पुजत्यात. उलट्या काळजाची जात!"

मोहिनी — "खीर कशाला, शेळी दाव की. पिंजऱ्यातली."

मीही हसले. का हसले माहीत नाही. सगळ्या हसत होत्या.

८ ऑक्टोबर

वृषालीताईंना मेसेज लिहिला : बयाबाईला फोडण्यातून सूट द्यावी का? पुसला. परत लिहिला. परत पुसला. एकीला सूट दिली तर बाकीच्यांनी का फोडायचं? आणि मी पक्की नेमणूक मागितलेली आहे, त्यांना वाटेल हिला एक बाई सांभाळता येत नाही.

पाठवला नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बयाबाईचा मुलगा हौशीराम शाळेत आला. मला वाटलं आईची बाजू घ्यायला आला.

"ताई, फोडा एकदाचं ते! रोज हितं येऊन खिडकीला तोंड लावून मातीशी बोलत बसती. जेवली का म्हणती. थंडी वाजती का म्हणती. लोक हसत्यात मला."

बयाबाई दारातच होती. त्याला ते माहीत होतं. आवाज आणखी चढवला, "माझ्या पोरीचा हात धरता आला न्हाई, आन् आता चिखल धरून बसली!"

ती पायरीवरून उतरली आणि अंगणातल्या चपला सरळ लावायला लागली. सगळ्यांच्या.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं तसं लिहायचं. अर्धं लिहायचं नाही.

घोड नदीच्या काठी मांडव. पाहुणे गवतावर अनवाणी चालले आणि म्हणाले, किती शांत वाटतंय! धुणं धुवायच्या दगडावर एकेकीनं यायचं, 'माझी भीती मी सोडते' म्हणायचं, फोडायचं, तुकडे पाण्यात, टाळ्या. सखूबाईंनी जावई असा आपटला की एक ढेकूळ पाहुण्यांच्या चष्म्यावर. हशा. मोबाईल फुटायला तयारच नव्हता. मोहिनी म्हणाली, "सासू लई टनक हाय!" पुन्हा हशा.

मग बयाबाई. पदराखाली वाटी होती. तिनं वाघ दगडावर ठेवला, वाटीतली खीर बोटानं त्याच्या तोंडाला लावली आणि हात जोडून खाली बसली. पाहुण्यांनी विचारलं हे काय. वृषालीताई म्हणाल्या, "निरोप देतेय ती." पाहुण्यांचे मोबाईल वर झाले.

ती उठेना. मागून हौशीराम, "आये, फोड की! गाड्या खोळंबल्यात लोकांच्या." सखूबाई, "दातखीळ बसली का?" वृषालीताईंनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. ते पाहणं मला लहानपणापासून ओळखीचं आहे.

मी गेले. वाकले. बोट वर होतं. "मावशी, सगळ्यांनी फोडलं."

"मला ह्येचं भ्या न्हाई वो, ताई."

"तरी."

"भ्या न्हाई, मग कशापायी फोडू?"

  मी म्हटलं, "मी मदत करते." माझे हात तिच्या हातांवर ठेवले आणि वाघासकट वर उचलले. तिचे हात आखडलेले होते, लाकडासारखे. मला अब्बा आठवले, खोटं कशाला लिहू. आठवले, आणि मी थांबले नाही. आपटलं.

पोट उघडलं. आत कापूस होता. कापसावर एक मातीची मुलगी निजलेली, अंगठ्याएवढी, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. केसांची वेणीसुद्धा काडीनं कोरलेली. तिच्याभोवती एक लाल काचेची बांगडी, लहान मुलीची. बांगडीचे दोन तुकडे झाले होते. मुलीची मान तुटली होती.

टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या. दगडापाशी आम्ही दोघीच. बाकी कुणाला काही दिसलं नाही.

बयाबाईनं ते सगळं ओंजळीत उचललं, कापसासकट. "येवढी ऱ्हाऊ द्या."

मी तेव्हा हो म्हणू शकत होते. कुणाला कळलंही नसतं. पण ताईंनी सांगितलं होतं, एक तुकडा मागे राहिला तरी माणूस अडकतो. आणि सगळे बघत होते. मी म्हणाले, "सगळं सोडायचं, मावशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. ओळख पटवत असल्यासारखी. मग तिचा हात सैल पडला. आपोआप. मी त्यातून एकेक घेतलं आणि पाण्यात सोडलं — मुलगी, बांगडी, कापूस. कापूस बुडेना, काडीनं ढकलला. मग दगड तपासला. फटीत लाल काचेचा कण अडकला होता. नखानं काढला, तोही सोडला.

पाहुण्या बाईंनी बयाबाईला मिठी मारली. बयाबाई उभी होती, तिच्या हातात रिकामी वाटी.

१८ ऑक्टोबर

बोटात काच गेली आहे. दिसत नाही. दाबलं की लागते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

अब्बांना सांगितलं, सगळं. ते बांगड्यांच्या माळा दोऱ्यात ओवत होते. ओवणं थांबलं नाही.

"मी आयुष्यभर परक्या बायकांचे हात धरले. एकीला रडवलं नाही."

"ती रडली नाही, अब्बा."

"मग तर तू माझ्या पुढे गेलीस," म्हणाले. आणि पुढची माळ घेतली.

मी एवढंच म्हणाले की पूर्ण काम करायला तुम्हीच शिकवलंत. फुफी आतून ओरडली, "जबान देखो इसकी!"

२८ ऑक्टोबर, मंगळवार

माझी नेमणूक पक्की झाली! कळंबचा गट आता पूर्ण माझ्याकडे. वृषालीताईंचा फोन — "बयाबाईचा व्हिडिओ सगळ्यांना फार भिडला. तू त्या क्षणी जे केलंस ना, ते धाडस होतं."

मी एक बदल सुचवला आहे, ताईंना पटला. यापुढे माती घडवायची आणि त्याच दिवशी फोडायची. मध्ये दिवस गेले की बायका गुंततात.

मी बयाबाईची चौकशी केली होती. हौशीराम फोनवर खूश. "एकदम गप झाली बगा, ताई. खिडकीला जात न्हाई, काय न्हाई. जेव म्हणलं की जेवती, नीज म्हणलं की निजती. त्रास न्हाई."

अम्मीनं शेवयांची खीर केली होती नेमणुकीची. मला खाववली नाही. पोट बिघडलंय म्हणाले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवा गट, जुन्याही काही बायका. बयाबाई सगळ्यांत आधी आलेली. चटया तिनंच घातल्या. उसाकडे पाठ करून बसली, डोळे मिटले, मिटा म्हणायच्या आधीच. मी तिच्याशी बोलले नाही. काय बोलायचं हे घोकून गेले होते, वाटभर, नारायणगावपासून कळंबपर्यंत. ऐन वेळी चटया मोजत बसले.

मोहिनी म्हणाली, "बरी झाली बया! आता कुणाशीच बोलत न्हाई."

पुढच्या वेळी माती. वृषालीताई येणार नाहीत. सगळं मला एकटीला करायचं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भीतीला आकार द्या म्हटलं. बयाबाईनं बाई केली. अंगानं काटकुळी, डोक्यावरून ओढणी, डोळ्यांवर चष्म्याचे दोन गोल, आणि एक बोट वर. मोहिनी हसायला लागली आणि मध्येच थांबली. सखूबाईंनी मान खाली घातली.  बयाबाईनं ती बाहुली माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुमीच फोडा, ताई. तुमाला जमतंय."

नियम तो नियम. मी फोडली. पोटात काही नव्हतं.